वीतभर दोरी

या, असे जवळ येऊन बसा. पाय मोकळे सोडा, पण कान इकडे असू द्या. खांबाला टेकून बसलेल्या बायांनीही स्वल्प पुढं सरकावं. उकडतंय, ठाऊक आहे मला. वर बघितलंत तर छताला नुसता लोखंडी हूक दिसेल, पंखा दिसणार नाही. तिथं पंखा होता. तो का काढला, त्याचीच गोष्ट सांगतो. विठोजीअण्णांची गोष्ट आहे, ताकाच्या एका तांब्याची आणि वीतभर दोरीची. प्रसाद वाटायच्या आत संपेल.

आमचं विठ्ठलाचं देऊळ या कानडी मुलखातल्या शिवाजीनगरच्या बसस्थानकामागं, भांडी ठोकणाऱ्यांच्या गल्लीत. आमची माणसं या गावात इतक्या पिढ्यांपूर्वी आली की मूळ गाव कोणतं ते कुणालाच सांगता येत नाही. घरात मराठी, बाहेर कन्नड, आणि देवळात जे तोंडात येईल ते. मी, नागोजी, बसस्थानकावर टाइमकीपर होतो. कुठली गाडी किती वाजता आली आणि किती वाजता सुटली, हे लिहायचं काम. संध्याकाळी कीर्तनात टाळ धरायचा, हे माझं खरं काम.

विठोजीअण्णा आमचे हरिदास. दिवसा शिंपी, पोलकी आणि शाळेचे गणवेश शिवणारे; एकादशीला आणि उत्सवात कमरेला उपरणं बांधून उभे राहिले की गल्लीतल्या म्हाताऱ्या हातातलं निवडणं टाकून यायच्या. आवाज काही फार गोड नव्हता. पण आख्यान सांगताना मधेच थांबून समोरच्या एखाद्याला विचारायचे, "तू काय केलं असतंस रे?" आणि तो खरंच विचारात पडायचा.

गोपाळकाल्याच्या दुपारी आमच्याकडे एक रीत आहे. कीर्तन संपत आलं की अण्णा शिंकं उचलायचे. दोरीच्या शिंक्यात पितळी तांब्या, तोंड उघडं, गळ्यापर्यंत ताक. काल्याचं पद सुरू झालं की ते शिंकं हातानं गरगर फिरवायचं, खालून वर, डोक्यावरून पुढं, परत खाली. पाच फेरे. तांब्या डोक्यावर पार उलटा होतो आणि थेंब सांडत नाही. मग तेच ताक चमचा चमचा प्रसाद. अण्णांच्या आधी त्यांचे वडील फिरवायचे, त्यांच्या आधी आजोबा. माझ्या टाळाच्या एका आवर्तनाला एक फेरा, हे ठरलेलं. ती लय मी बावीस वर्षं राखली. गाड्या उशिरा सुटल्या असतील, माझा टाळ कधी नाही.

पंच्याण्णव सालच्या काल्याला ते ताक सांडलं.

दुसऱ्याच फेऱ्याला. तांब्या वर गेला, अण्णांचा हात क्षणभर अडखळल्यासारखा दिसला आणि अर्धं ताक देवापुढच्या समईवर पडलं. चर्र झालं, वात विझली. राजलक्ष्मीअक्कांनी, म्हणजे अण्णांच्या बायकोनं, पदरानं जमीन पुसली आणि समई परत लावली. अण्णांनी पद पुरं केलं, आरती केली, आणि त्यानंतर वर्षभर एकही कीर्तन केलं नाही. घसा धरलाय म्हणायचे. मग गुडघा. मग दुकानात काम फार.

पुढचा श्रावण लागला तसा मी दुकानात जाऊन बसलो. "अण्णा, काला आला."

"दुसरा हरिदास बघा," मशीन चालवता चालवता ते म्हणाले. "मल्लेश्वरमला एक चांगला तरुण आहे म्हणतात."

"त्याला आपली रीत येते का?"

"नाही आली तर बंद करा रीत."

मशीन थांबलं. अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि हळू आवाजात म्हणाले, "तुला सांगतो, तुझ्या अक्काला सांगू नकोस. चाळीस वर्षं शिंकं फिरवतोय. तांब्या वर गेला की दोरी हातात ताठ असते. पलीकडून कुणीतरी धरून ठेवल्यासारखी. त्या दिवशी ती सैल पडली. पलीकडे कुणी नव्हतं, नागोजी. त्यानं हात सोडला. ज्याचा हात देवानंच सोडला, त्यानं कसल्या तोंडानं लोकांना देवाच्या गोष्टी सांगायच्या?"

मी चहा प्यायलो आणि उठलो. घरी आलो तरी ते शब्द कानातून जाईनात.

आता यात कल्पनाताई कशा आल्या ते सांगतो. त्या मूळच्या पुण्याच्या. त्यांचे यजमान उपेंद्र सरकारी कारखान्यात इंजिनियर, आणि त्या स्वतः मल्लेश्वरमच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवायच्या. मराठी बोलणारा शिंपी मिळाला म्हणून बस बदलून पोलकी शिवायला अण्णांकडे यायच्या. अण्णा त्यांना टीचरम्मा म्हणायचे. एका शनिवारी दुपारी मी दुकानात असतानाच त्या आल्या. पोलकं घालून बघितलं, बाही सैल निघाली, आणि अण्णांची शिवण कधी सैल निघत नसे.

"काका, तब्येत बरी आहे ना? आणि यंदा काल्याचं कीर्तन कधी? मला यायचंय. गेल्या वर्षी हुकलं."

"ते हुकलं ते बरं झालं," आतून राजलक्ष्मीअक्का म्हणाल्या. अक्कांच्या पोटात काही राहत नाही. त्यांनी ताक सांडल्याचं, समई विझल्याचं, वर्षभर चिपळ्या कोनाड्यात पडल्याचं सगळं सांगून टाकलं. दोरीचं त्यांना ठाऊकच नव्हतं.

कल्पनाताईंचे डोळे मात्र चमकले. "म्हणजे तांब्या उलटा होतो आणि ताक सांडत नाही? हे मी दरवर्षी वर्गात फळ्यावर शिकवते! काका, का सांडत नाही, सांगा बघू."

अण्णा कसंनुसं हसले. "त्याची कृपा."

"ती आहेच. आणि?"

"आणि काय, फिरवलं की सगळं बाहेर फेकलं जातं," मी म्हणालो. "बसनं वळण घेतलं की आपण नाही का बाहेर फेकले जात? तसं ताक तांब्याच्या बुडाला चिकटून राहतं."

"सगळे असंच सांगतात," त्या म्हणाल्या. "रीळ आहे एखादं?"

अण्णांनी दोऱ्याचं लाकडी रीळ दिलं. त्याला हातभर मजबूत दोरा बांधून त्या मागच्या अंगणात गेल्या, आम्ही त्यांच्या मागं. डोक्यावर रीळ गरगर फिरवत म्हणाल्या, "नागोजीकाका, हे त्या समोरच्या खांबाकडे आलं की मी दोरा सोडणार. कुठं जाईल?"

"खांबावर आपटेल. बाहेर फेकलं जातंय ना!"

सोडलं. रीळ खांबाकडे गेलंच नाही. ते आडवं, सरळ निघालं आणि अक्कांच्या पाण्याच्या बादलीत डुबकन पडलं.

"अय्यो! पिण्याचं पाणी आहे ते!" अक्का ओरडल्या.

"सॉरी, सॉरी काकू!" कल्पनाताईंनी हसू दाबत रीळ बाहेर काढलं. "बघितलंत? बाहेर ढकलणारं कुणी असतं तर ते खांबाकडे गेलं असतं. ते गेलं सरळ, सोडलं त्या क्षणी जिकडे धावत होतं तिकडेच. प्रत्येक क्षणी ते असंच सरळ निघालेलं असतं. दोरा त्याला आत ओढतो म्हणून ते वळतं, गोल फिरतं. ओढणारा एकच, मधे उभा असलेला. आमच्या पुस्तकात याला अभिकेंद्री बल म्हणतात. बसमध्येही तसंच. तुम्ही सरळच चाललेले असता, गाडी तुमच्याखालून वळते."

अण्णांनी ओलं रीळ हातात घेतलं. "म्हणजे बाहेर कुणी नाही," ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "आत ओढणाराच सगळं धरून ठेवतो."

"हो. आणि तांब्या उलटा असताना ताक पडत नाही असं नाही हं, काका. ते पडतच असतं. पण ते आडवं धावतही असतं, आणि तुम्ही तांब्याला त्याच्याहून जोरात खाली ओढून वळवत असता. तांब्याचं बूड ताकाच्या पाठीशी लागलेलं राहतं, मग ते बाहेर कसं येणार? वेग पुरेसा असला तर. नसला, तर ताक तांब्याच्या पुढं जातं." मग त्या सहज म्हणाल्या, "तसं झालं असेल तर वर गेल्यावर दोरी सैल लागली असेल ना हाताला?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. "तू सांगितलंस?"

"देवाशपथ नाही, अण्णा."

"कुणी सांगायला कशाला हवं?" कल्पनाताई गोंधळल्या. "तसंच होतं. वजनानंच तांब्या हवा त्यापेक्षा जास्त खाली येत असला, की दोरीला ओढायचं काम उरत नाही. ती सैल पडते."

अण्णा पायरीवर बसले. मग म्हणाले, "अगं, ते शिंकं आण."

अक्कांनी माळ्यावरून शिंकं काढलं. तांब्यात गळ्यापर्यंत पाणी घातलं. अण्णांनी हात लांब करून ते धरलं, आणि कल्पनाताईंनी अण्णांच्याच गळ्यातल्या टेपनं खांद्यापासून पाण्यापर्यंत मोजलं. अठ्ठ्याऐंशी सेंटिमीटर. मग मला म्हणाल्या, "तुमचा टाळ वाजवा. आणि घड्याळ बघा."

टाळ माझ्या पिशवीत असतोच. मी काल्याची लय धरली, अण्णा नुसता मोकळा हात फिरवत पद गुणगुणू लागले. वर्षभरानं त्यांच्या तोंडातून ते पद आलं. अक्कांनी तोंड फिरवलं आणि डोळे पुसले. दहा फेऱ्यांना बरोबर वीस सेकंद.

शिंप्याच्या खडूनं कापडाच्या चिंधीवर कल्पनाताईंनी चार आकडे मांडले. "या लयीला ही दोरी कमी पडते. थोडक्यात कमी पडते, पण पडते. दोन सेकंदांना एक फेरा घ्यायचा तर दोरी आणखी वीतभर लांब हवी. जेवढी दोरी लांब तेवढा मोठा घेर, आणि तेवढ्याच वेळात घेर मोठा म्हणजे तांब्याचा वेग जास्त. किंवा मग दोरी हीच ठेवा आणि लय वाढवा."

"लय वाढवून बघू," मी उत्साहानं म्हणालो आणि टाळ जलद धरला.

अण्णांनी एक ओळ कशीबशी म्हटली. दुसरीत शब्द एकमेकांवर आदळले, त्यांना धाप लागली आणि हसूही आलं. "अरे, हे काल्याचं पद आहे का तुझी सव्वापाचची गाडी पकडायची आहे? गाई चरायला निघाल्यात, नागोजी. पळायला नाही."

आम्ही सगळे हसलो. कल्पनाताई मात्र दोरी बोटांतून ओढत होत्या. "पण काका, ही रीत तीन पिढ्यांची ना? मग गेल्या वर्षीच का सांडलं? दोरी आधीही एवढीच होती?"

अण्णांचं हसू थांबलं. "जुनी दोरी आहे. आटली असेल."

"आटली नाही. इथं दुमडून गाठ मारलीय. आणि गाठीबाहेरची दोरी माळ्यावरच्या धुळीनं काळी झालीय, दुमडीच्या आतली गोरीच आहे." त्यांनी दुमडीची लांबी बोटांनी मोजली. "अगदी वीतभर."

ती दुमड मी पाहिली. शिंप्याची दुमड. कापड आखूड करायचं असलं तरी अण्णा कधी कापत नसत, आत दुमडून ठेवत; पुढं पोर वाढली तर उसवता आलं पाहिजे म्हणत. दोरीही त्यांनी कापली नव्हती.

आणि मग माझ्या लक्षात आलं.

त्या पंच्याण्णव सालच्या चैत्रात देवळाला पंखा मी दिला होता. माझी आई अहल्या. उन्हाळ्याच्या कीर्तनात तिला घेरी यायची, तरी उठायची नाही. पदरानं वारा घेत शेवटच्या आरतीपर्यंत बसायची. ती गेली, तिच्या नावानं काहीतरी करायचं म्हणून मी पंखा दिला, आणि पेंटर बोलावून पात्यांवर लाल रंगात तिचं नाव लिहून घेतलं. आमच्या देवळाचं छत ठेंगणं. पंखा लागला तो हरिदास जिथं उभा राहतो, नेमका त्याच्या डोक्यावर. लावताना अण्णांनी एकदा वर बघितलं होतं, मला आठवतंय. नुसतं म्हणाले होते, "तुझ्या आईचं नाव छान लिहिलंय."

"अण्णा," मी म्हणालो, "पंख्यामुळं ना?"

"कसला पंखा?"

"तांब्या पात्यांना लागला असता. म्हणून तुम्ही दोरी आखूड केलीत. मला सांगितलंत का नाही?"

"काय सांगायचं? तुझ्या आईचा पंखा काढ म्हणून?" अण्णा चिडलेच. "तू तेव्हा देवळात येऊन त्या पंख्याखाली उभा राहून रडायचास. मी मागून बघितलंय. दोरी काय, दोरी माझी आहे, केली आखूड. मला वाटलं वीतभरानं काय होतंय."

"काय झालं ते दिसलं ना," अक्का म्हणाल्या. "वर्षभर घरात बसून माझं डोकं खाल्लं."

"पंखा राहू दे," अण्णा म्हणाले. "बायकांना वारा लागतो. मी काल्याचं कीर्तन करीन, शिंकं नाही फिरवणार. झालं."

"सरी, बरं," मी म्हणालो. "तुम्ही नका फिरवू."

मी तिथून सरळ देवळात गेलो. पुजाऱ्याकडून शिडी घेतली, गल्लीतल्या वायरमनला हाक मारली. तासाभरात पंखा खाली. पाती माझ्या मांडीवर घेऊन मी पुसत बसलो होतो तेव्हा अण्णा दारात आले, मागं कल्पनाताई आणि अक्का.

"हे काय केलंस?" अण्णा म्हणाले.

"आईला वारा नको होता, अण्णा. वारा हवा असता तर ती घरी नसती का बसली? आमच्या घरी पंखा होता. तिला तुमचं कीर्तन हवं होतं."

अण्णा माझ्याजवळ जमिनीवर बसले. गाठ सोडायला घेतली. वर्षभरात ती इतकी घट्ट बसली होती की शेवटी अक्कांनी केसातली पिन दिली. दुमड सुटली, गोरी दोरी बाहेर आली. मग अण्णांनी मान वर न करता कल्पनाताईंना विचारलं, "टीचरम्मा, एक सांगा. मग त्यानं हात सोडला नव्हता?"

कल्पनाताईंनी विचार केला. त्यांच्या जागी दुसरं कुणी असतं तर पटकन काहीतरी गोड बोलून मोकळं झालं असतं. त्या म्हणाल्या, "ते मला नाही सांगता येणार, काका. माझ्या पुस्तकात ते नाही. दोरी वीतभर कमी होती, एवढं नक्की सांगते."

"तेवढं पुरे," अण्णा म्हणाले.

काल्याच्या दुपारी देऊळ भरलं होतं. उकडत होतं, बायका पदरानं वारा घेत होत्या, पोरं पुढं सरकत होती आणि त्यांच्या आया त्यांना मागं ओढत होत्या. कल्पनाताई यजमानांना घेऊन आल्या होत्या. अण्णांनी कीर्तन रंगवलं. आख्यानात मधेच थांबून उपेंद्ररावांनाच विचारलं, "साहेब, तुम्ही असता तर लोणी चोरलं असतं का?" आणि ते इतके गडबडले की "हो" म्हणाले.

मग पद सुरू झालं. मी टाळ धरला, तीच लय, बावीस वर्षांची. अण्णांनी शिंकं उचललं, एकदोनदा मागंपुढं झुलवलं आणि वर घेतलं.

तांब्या वर गेला. उलटा झाला. माझं लक्ष ताकाकडे नव्हतं, दोरीकडे होतं. ती सरळ होती, रेघ मारल्यासारखी. मी अण्णांच्या तोंडाकडे बघितलं. त्यांचे डोळे मिटलेले होते आणि ओठ पद म्हणत होते, पण चेहरा असा होता, जसं कुणी खूप दिवसांनी हाक मारावी आणि आपण नुसतं "ओ" म्हणावं.

पाच फेरे झाले. समई तेवत होती. अण्णांनी तांब्या खाली ठेवला, दोरी दोन्ही हातांत धरून कपाळाला लावली, आणि पहिला चमचा प्रसादाचा कल्पनाताईंच्या हातावर घातला. दुसरा माझ्या.

त्यानंतर तीन काले अण्णांनी केले. परवाच्या माघात ते गेले, झोपेत, शांतपणे. आता शिंकं त्यांची नात अक्षरा फिरवते. तिची उंची कमी, तांब्या जमिनीला लागू नये म्हणून ती पाटावर उभी राहते. दोरी मात्र तीच, पुरी. कल्पनाताई पुण्याला परत गेल्या, दर काल्याला त्यांचं पत्र येतं.

पंखा आता मागच्या जेवणघरात लावलाय. फिरत असला की पात्यांवरचं काही वाचता येत नाही, नुसतं लाल कडं दिसतं. पण वीज गेली की तो हळूहळू थांबतो आणि माझ्या आईचं नाव दिसतं. तिची मला काळजी नाही, तिचं नाव तिथं लिहिलेलं आहे. माझ्या आईसाठी ज्यांनी आपली दोरी आखूड केली आणि कुणाला कळू दिलं नाही, त्यांचं नाव या देवळात कुठंच लिहिलेलं नाही. म्हणून एवढं मागणं आहे. प्रसादाचं ताक हातावर आलं की प्यायच्या आधी क्षणभर थांबा, आणि विठोजीअण्णांची आठवण काढा.